सातशे खोके निघाले, 642 बसले: सोलापूर ते न्हावाशेवा

जुलैमध्ये आमचा पहिला अख्खा कंटेनर हांबुर्गला गेला. टेरी टॉवेल, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला माल. आजवर आम्ही दुसऱ्या एक्स्पोर्टरला माल द्यायचो, पोर्ट कधी डोळ्यानं बघितलं नव्हतं, म्हणून ह्या वेळी म्हटलं ट्रकमध्ये बसूनच जाऊ.

फॅक्टरीतच कंटेनर भरून सील करायची परवानगी आमच्याकडं अजून नाही, त्यामुळं माल ट्रकनं न्हावाशेवा बंदराजवळच्या सीएफएसला (कंटेनर भरायच्या यार्डाला) न्यायचा आणि तिथं कंटेनरमध्ये भरायचा. एक 32 फुटी आणि एक आयशर अशा दोन गाड्या रात्री आठला निघाल्या. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे टोल मोजत, मध्ये टेंभुर्णीला चहा, घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी ड्रायव्हरमामांबरोबर केबिनमध्येच खाल्ली. घाटात पाऊस असा की पुढचं काही दिसेना. ताडपत्री डबल टाका, एक थर कुठंतरी फाटतोच.

सकाळी पळस्पे फाट्यावरनं उरणकडं वळलो आणि ट्रेलरच्या लाईनीत अडकलो ते अडकलोच. सीएफएसच्या गेटवर आधारची ओरिजिनल मागतात, आणि मी गेलो सँडल घालून. सेफ्टी शूज आणि जॅकेटशिवाय आत सोडेनात, शेवटी सीएचएच्या (आमचं कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटच्या) पोरानं त्याचे बूट दिले, एक नंबर लहान. दिवसभर लंगडत होतो.

आता मेन गोष्ट. 40 फुटी हायक्यूब (नेहमीपेक्षा उंच कंटेनर) आतून साधारण 12.03 मीटर लांब, 2.35 रुंद, 2.69 उंच, म्हणजे कागदावर 76 घनमीटर. आमचा खोका 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटर. कॅल्क्युलेटरवर 790 येतात, आपण थोडं सोडून 700 धरले, स्वतःलाच शहाणा समजत होतो. पण आडवे चार खोके लावले तर 240 सेंटिमीटर होतात आणि कंटेनर 235! पाच सेंटिमीटरनं मार खाल्ला. मग तीन आडवे आणि उरलेल्या फटीत एक वळवून उभा, असं लावत गेले, त्यात टॉवेल भरलेला खोका पोटात फुगतो ते वेगळंच, त्यामुळं लांबीतली पण एक ओळ गेली. सहा थर लावून 642 बसले. 58 बाहेर. वजनाचा काही प्रश्नच नव्हता, 13 टनाच्या आतच, टॉवेलला आधी जागा संपते. पण इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) सगळं 700 चं केलेलं, ते दुरुस्त करायला सीएचएची दोन दिवस पळापळ आणि आमचे वरचे पैसे. तुम्ही जाणार असाल तर एवढंच करा, गोडाऊनच्या फरशीवर खडूनं 2.35 ची पट्टी आखा, भरलेले खोके (रिकामे नाही!) तिथं लावून बघा आणि मगच आकडा सांगा.

दुसरी गोष्ट, कंटेनर भरायच्या आधी आत उभं राहून दार बंद करायला सांगा. आम्हाला आधी दिलेल्या कंटेनरच्या छताला कोपऱ्यात टाचणीएवढा उजेड दिसला. सुपरवायझर म्हणाला, "काय होत नाही साहेब, एवढ्यातनं किती पाणी जाणार?" म्हटलं बाबा, टॉवेल आहे, पाणी प्यायलाच बनवलाय. बदलून घेतला, तीन तास गेले. आत वास पण घेऊन बघा, आधी केमिकल किंवा चामडं गेलेलं असलं तर तो वास टॉवेलला लागतो. सुती मालात मुळातच आठेक टक्के ओलावा असतो, त्यात आपलं पावसाळ्यातलं पॅकिंग आणि लाल समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायच्या भानगडीमुळं तेव्हा बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, म्हणजे दिवस वाढले. म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या कडेला टांगायच्याच, तिथं कंजूसपणा नको.

फोटो काढा: रिकामा, अर्धा, भरलेला, आणि दार लावून सील आणि नंबर दिसेल असा. नंबर चार अक्षरं आणि सात आकडे असतो, कागदावरच्याशी एकेक आकडा जुळवा. व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पक्कं वजन, ते 1 जुलै 2016 पासून जगभर कंपल्सरी आहे, त्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत. एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नवीन भरायला लागतं, आमचं एप्रिलमध्ये राहिलेलं, निघायच्या आदल्या दिवशी आठवलं. आणि बिल ऑफ लेडिंगचा (माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती) ड्राफ्ट आला की पार्टीचं नाव, पत्ता स्पेलिंगसकट दोघांनी वाचा, जहाज सुटल्यावर एका अक्षराच्या दुरुस्तीलाही पैसे घेतात.

ते 58 खोके नंतर एलसीएलनं (दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून) पाठवले, साडेपाच घनमीटरचं भाडं वेगळं भरून. खोकेवाल्याला आता 60 च्या जागी 55 चं माप दिलंय.