वॉरंट निघालंय का? आधी रोजनामा बघा

चेक बाउन्सच्या केसमध्ये दोन तारखा चुकल्या की वॉरंटची धास्ती असतेच. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर १६ अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) टाका. तो नसेल तर नावाने शोधा, पण स्पेलिंग बदलून पाहा. पुढची तारीख कळते, तपशील मात्र रोजनाम्यातच (कोर्टात त्या-त्या तारखेला काय झालं त्याची नोंद) सापडतो. वकिलाला तो पाहायला सांगा: वॉरंट जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि पोलीस ठाणे कोणते.

ज्या कोर्टाने वॉरंट काढलं, ते रद्द करायचा अर्ज तिथेच. बेलापूर कोर्टाचं वॉरंट ठाणे शहरातल्या दंडाधिकाऱ्याकडे रद्द होत नाही. आणि ते आपोआप संपतही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ७२ नुसार रद्द होईपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत जिवंत राहतं.

तारखेची वाट न पाहता वकिलासोबत सकाळीच स्वतः हजर व्हा. वकीलपत्र, रद्दचा अर्ज, आधार, गैरहजेरीचा पुरावा (दवाखान्याचे कागद, तिकीट) जवळ ठेवा. थोडी रोकडही, कोर्ट खर्च भरायला लावू शकतं. अजामीनपात्र असेल तर जामीनदार तयार ठेवा.

लोक इथेच चुकतात: रद्दचा आदेश झाला की घरी. पोलीस ठाण्यात जुनं वॉरंट तसंच पडून राहतं. आदेशाची प्रमाणित प्रत तिथे नेऊन द्या, पोच घ्या.