वर्टला ऑक्सिजन देताना: माझा अनुभव

बिअरला हवा लागू द्यायची नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी सांगतात. तयार बिअरच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. तिच्यात ऑक्सिजन शिरला की थोड्याच काळात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. पण त्याच्या खूप आधी, वर्ट (भिजवलेल्या माल्टचा गोड रस, ज्याची पुढे बिअर होते) उकळून थंड झाल्यावर आणि यीस्ट पडायच्या वेळी, ऑक्सिजन मुद्दाम द्यावा लागतो. तो कमी पडला तर पुढे कितीही काळजी घ्या, बिअर सुधारत नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. नाशिकमध्ये या विषयाच्या मुलामुलींना वाइनरीत काम मिळतं, तसं मलाही मिळालं, आणि तिथून मी शहराबाहेरच्या एका छोट्या परवानाधारक ब्रुअरीत आले. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं दारूबंदी कायद्याने (1949) गुन्हा आहे. म्हणून आमच्या चाचणीच्या बॅचेस ब्रुअरीच्या आवारातच होतात. भांडी मात्र परदेशातले हौशी लोक घरी वापरतात तीच: 20 लिटरचा फर्मेंटर (आंबवायचं भांडं), वर्ट थंड करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं, द्रवाची घनता मोजायला हायड्रोमीटर.

वाइनरीत ऑक्सिजनचा वेगळा विचार करावा लागला नव्हता. द्राक्षाचा रस उकळत नाहीत. द्राक्षं चिरडताना, रस पंपाने फिरवताना हवा आपोआप मिसळते, आणि रेड वाइनला पंप-ओव्हर करताना, म्हणजे तळाचा रस उपसून वर ओतताना, आणखी मिळते. वर्टचं तसं नाही. तासभर खळखळ उकळल्यावर त्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळपास शून्य होतो.

आमची एक कडक बिअर, सुरुवातीची घनता 1.072, दर वेळी 1.030 च्या आसपास अडकायची, म्हणजे साखर संपून घनता आणखी उतरायला हवी ती उतरायची नाही. चव गोडसर, वर हिरव्या सफरचंदाचा वास. यीस्ट बदलून पाहिलं, तापमान बदलून पाहिलं. शेवटी आमच्या ब्रुअर सरांनी विचारलं, “वर्टमध्ये ऑक्सिजन किती आहे, मोजलंय का?”

कॉलेजात पाश्चर परिणाम शिकलो होतो: हवा मिळाली की यीस्ट श्वसन करतं, वाढतं, आणि अल्कोहोल कमी बनवतं. सरांनी त्यात भर घातली. वर्टमध्ये साखर इतकी असते की ऑक्सिजन असूनही यीस्ट किण्वनच करतं, म्हणजे साखरेचं अल्कोहोलच बनवतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. मग ऑक्सिजन जातो कुठे? पेशीचं आवरण बांधायला. आवरणात लागणारे स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं ऑक्सिजनशिवाय तयारच होत नाहीत. पेशी दुभंगते तेव्हा आवरणातला हा साठा दोघींत वाटला जातो. तीन-चार विभाजनांत तो इतका विरळ होतो की वाढतं अल्कोहोल पेशीला सोसवत नाही. आमची बिअर नेमकी तिथेच थांबत होती. हे कळलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला, कारण कोड्याचे सगळे तुकडे एकदम जुळले.

मग मोजायला लागलो. फर्मेंटर जोरजोरात हलवून ऑक्सिजन मीटरवर 4-5 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) यायचे. माशांच्या टाकीचा पंप आणला, नळीत 0.2 मायक्रॉनचा फिल्टर बसवला, म्हणजे हवेतले जंतू आत जाणार नाहीत. अर्ध्या तासात आकडा 7 च्या थोडा वर गेला आणि तिथेच थबकला. फेस मात्र झाकणातून बाहेर. थबकण्याचं कारण साधं आहे. 20 अंशांच्या शुद्ध पाण्यात, समुद्रसपाटीला, हवेतून साधारण 9 पीपीएम ऑक्सिजन विरघळतो. नाशिक सुमारे 600 मीटरवर, म्हणजे हवेचा दाब 6-7 टक्के कमी. त्यात वर्टमधली साखर, तिच्यामुळे ऑक्सिजन आणखी कमी विरघळतो. या गावात त्या वर्टला हवेतून 7-7.5 च्या वर मिळणं शक्यच नव्हतं, पंप कितीही वेळ चालवा. साध्या बिअरला 8-10 पीपीएम लागतात, कडक बिअरला त्याहून जास्त.

राहिला शुद्ध ऑक्सिजन. सातपूरला वेल्डिंगचा गॅस देणाऱ्या दुकानातून छोटा सिलिंडर आणि रेग्युलेटर आणला. दुकानदार दोनदा म्हणाले, “ताई, आट्यांना तेल-ग्रीस काही लावायचं नाही हं, भडका उडतो.” हे इथे मुद्दाम लिहितेय. घट्ट बसलेलं काहीही सैल करायला तेल लावायची आपल्याला सवय असते.

नळीच्या टोकाला स्टीलचा 0.5 मायक्रॉनचा सच्छिद्र स्टोन. तो उकळत्या पाण्यात ठेवून घ्यायचा आणि बोट लावायचं नाही, त्वचेच्या तेलाने छिद्रं बुजतात. बुडबुडे इतके बारीक हवेत की वर येईपर्यंत विरघळून जावेत. पृष्ठभाग खदखदायला लागला तर गॅस वाया जातोय असं समजायचं. 20 लिटरला मिनिटाला 1 लिटर या वेगाने साधारण दीड मिनिट दिल्यावर मीटर 12 च्या वर गेला. इथे हात आखडता हवा, कारण शुद्ध ऑक्सिजनने आकडा गरजेपेक्षा खूप वर जाऊ शकतो आणि तेही यीस्टला मानवत नाही.

नाशिकच्या उन्हाळ्यात खरी कसोटी थंड करण्याची. एप्रिलमध्ये टाकीचं पाणीच कोमट येतं, वेटोळ्यातून वर्ट 30 अंशांखाली उतरत नाही. गरम वर्टला ऑक्सिजन द्यायचा नाही, तो वर्टलाच खराब करतो, आणि गरम द्रवात विरघळतोही कमी. म्हणून पाणी आधी बर्फाच्या पिंपातून फिरवतो, वर्ट 20 वर आणतो, मगच सिलिंडर उघडतो. विरजण लावताना दुधाचा अंदाज बोटाने घेतात तसं इथे चालत नाही, थर्मामीटरच हवा.

पाकिटातलं कोरडं यीस्ट पहिल्यांदा वापरताना हा खटाटोप फारसा लागत नाही. कारखान्यात ते भरपूर हवेत वाढवलेलं असतं, साठा त्याच्याकडे असतो. आम्ही मात्र आधीच्या बॅचच्या तळाचं यीस्ट पुन्हा वापरतो, आणि ते उपाशी असतं. कडक बिअरला बारा तासांनी आणखी एक छोटा डोस देतो. त्यानंतर अजिबात नाही.

ती बिअर आता 1.018 पर्यंत उतरते, सफरचंदाचा वास गेला. हाच स्टोन मोठ्या टाकीसाठी प्लेट कूलरच्या पुढच्या पाइपात बसवायचं काम चालू आहे, म्हणजे थंड वर्ट टाकीत जाताजाताच ऑक्सिजन घेईल. तिथे वेग नव्याने ठरवावा लागेल, म्हणून मीटरचं मेम्ब्रेन बदलून घेतलंय.