तुम्ही मूळचे गोव्याचे का?

माझं पोर्तुगीज वळणाचं ख्रिस्ती आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे तुम्ही मूळचे गोव्याचे का?" नाही, वसईची, असं म्हटलं की समोरचं माणूस क्षणभर थांबतं आणि विचारतं, "मग मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून आज नीट बसून लिहिते.

माझं माहेर वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका धर्मग्रामातलं. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारी गावं, आळ्या, वाड्या. चर्च हा शब्द आम्ही शाळेत शिकलो. आजी म्हणायची, "देवळात जाते." लाल लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघायची आणि परत येताना वाडीतून केळीचं पान कापून आणायची. घरात आम्ही कादोडी बोलायचो. शेजारच्या हिंदू सामवेदी समाजाच्या घरांतही तीच बोली. निर्मळच्या जत्रेला दोन्हीकडची माणसं जायची आणि तिथली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, दोन्ही घरांत यायची.

आडनावांचं म्हणाल तर ती बाप्तिस्म्याबरोबर आली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या संघांचे धर्मगुरू आले आणि त्याच शतकात आगाशी, सांडोर, नंदाखाल, पापडी अशी एकेक चर्च उभी राहिली. लोपीस, तुस्कानो, आल्मेडा, मच्याडो ही नावं तेव्हापासूनची. त्याआधी आमचं आडनाव काय होतं, हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही. मला त्याची चुटपुट लागते. किती जणांनी मनापासून धर्म घेतला, किती जणांनी भीतीने, किती जणांनी सोय पाहून, यावर मोठी माणसं वाद घालत बसतात. तिन्ही झालं असणार, असं मला वाटतं.

पण पुढचं फारसं कुणी विचारत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, त्यांचे गोरे धर्मगुरूही गेले. राज्यकर्त्यांना खूश ठेवण्यापुरताच हा धर्म असता, तर तो सोडायला याहून सोयीची वेळ नव्हती. काही घरं परत हिंदू धर्मात गेलीही. बाकीची राहिली, एतद्देशीय धर्मगुरूंच्या आधाराने, शेती करत, पेशव्यांच्या राज्यात. वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र मराठे घेऊन गेले. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. मेणवलीची घंटा मी घाटावर जाऊन पाहिली. तिच्या कडेवरून हात फिरवला. राग आला नाही. गावातली लेक लांब दिलेली असावी आणि कधीतरी तिच्या सासरी जाऊन तिला डोळे भरून पाहावं, तसं वाटलं.

धर्मग्राम म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. लग्न ठरलं की तीन रविवार वेदीवरून नावं वाचली जातात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मे महिन्यात आळीच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी जपमाळ होते आणि मग लहान मुलांच्या ओंजळीत उकडलेले चणे पडतात. शाळा चर्चच्या आवारात. आणि बँकसुद्धा. वसईचा शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेला असताना धर्मगुरू मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. आजोबांनी विहिरीवरचा रहाट काढून इंजिन बसवलं ते तिथल्या कर्जावर. मोनीस फादरांचं नाव ते देवाच्या नावाइतक्याच आदराने घ्यायचे.

आता भाषेचं. कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६०च्या दशकापर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. आजीला सगळी उत्तरं तोंडपाठ होती, अर्थ एकाचाही नाही. मग मिस्सा मराठीत आली. आजी सांगायची, "तेव्हा कळलं, इतकी वर्षं आपण देवाजवळ काय मागत होतो ते." त्याआधीच, १९५५ पासून, 'सुवार्ता' हे मराठी ख्रिस्ती मासिक निघत होतं. बाबा वाडीतून आल्यावर पाय धुऊन पहिल्यांदा तेच उघडायचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अनेक वर्षं संपादक होते. वसईच्या विहिरींचं पाणी टँकरमध्ये भरून बाहेर जायला लागलं, वाड्यांवर इमारतींचं सावट आलं, तेव्हा हरित वसईच्या लढ्यात हेच फादर पुढे होते. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, असं तेव्हा काहींनी विचारलं. मला वाईट वाटलं. आमच्या तीन पिढ्या ज्या भाषेत गुडघे टेकून रडल्या, ती आमची नव्हे तर कुणाची?

वाड्या आता कमी झाल्या आहेत. माझे दोन्ही भाऊ परदेशी आहेत. पण गावात कुणी गेलं की घंटा अजूनही थांबत थांबत, वेगळ्या ठेक्यात वाजते आणि हातातलं काम सोडून माणसं ओटीवर येतात: "कोण गेलं?" त्या घरात चूल पेटत नाही, जेवण आळीतून येतं. दफनभूमीत जागा अपुरी, म्हणून काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा दफन होतं. आजोबांना ठेवलं तिथेच पुढे आजीला ठेवलं. गेल्या पावसाळ्यात बाबांनाही. भाऊ वेळेवर पोचू शकले नाहीत. खड्डा आळीतल्या पोरांनी खणला, हिंदू-ख्रिस्ती दोन्ही, आणि वरून पाऊस कोसळत असताना माती सरळ होईपर्यंत त्यांच्यातलं कुणी घरी गेलं नाही.