पगार कुठे जातो, तुम्ही विचारलंत म्हणून

मी कॅथलिक नन, शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच तीन प्रश्न येतात. सिस्टर, तुम्हाला पगार असतो का? असतो तर जातो कुठे? आणि मग आवाज जरा खाली आणून, आईला काही देता की नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी हसतखेळत देते. तिसऱ्याला इतकी वर्षं "भाऊ आहे ना बघायला" एवढं म्हणून पुढे सरकत आलेय. मागच्या आठवड्यात एका नव्या शिक्षिकेनं ते उत्तर ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे नाही देत." तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. आता एकदाच काय ते सांगून टाकते.

पगार आहे. अनुदानित शाळा आहे, इतर शिक्षकांना मिळतो तेवढाच मलाही मिळतो, माझ्याच नावच्या खात्यात जमा होतो आणि तिथून आमच्या सिस्टरांच्या संस्थेच्या खात्यात जातो. हा नियम आमच्या मदर सुपिरियरनं, म्हणजे आमच्या प्रमुख सिस्टरनं, काढलेला नाही. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, ६६८ व्या कलमात, लिहिलंय की व्रतस्थ माणूस कष्टानं जे मिळवेल ते संस्थेचं. पेन्शनसुद्धा. पहिल्या व्रतांआधी आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यायचा, अंतिम व्रतांआधी मृत्युपत्र करायचं. माझ्या मृत्युपत्रात लिहायला काय होतं हे विचारू नका. भावाला हक्कसोडपत्र मात्र मी तेव्हाच सही करून दिलं. वैजापूरकडची कोरडवाहू दोन एकर जमीन, तीतला माझा वाटा. त्यामुळे "घरी काहीच दिलं नाही" असं कुणी म्हटलं की माझा पारा चढतो. मग आठवतं, त्या वाट्यात पिकतं काय, आणि पारा आपोआप उतरतो.

७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की अनुदानित शाळांतल्या सिस्टर आणि फादरांच्या पगारातून आयकर कापायचाच. आमच्या काही संस्थांचं म्हणणं होतं की पैसा आमच्या हाती राहतच नाही, तर कर कसला? इंग्रजांच्या काळातल्या १९४४ च्या परिपत्रकाचा आधार होता. कोर्टानं मानलं नाही. त्या दिवशी गणिताच्या सरांनी व्हॉट्सॲपवरची बातमी माझ्यासमोर धरली. "बघा सिस्टर, आता कोर्टच म्हणतंय पगार तुमचा." कराबद्दल माझी काही तक्रार नाही, येशूनंच म्हटलंय, कैसराचं ते कैसराला. पण सरांचं ते "तुमचा" माझ्या मनातून जात नाही, कारण पगार कुणाचा हा वाद माझ्यासाठी २०१३ च्या एप्रिलमध्येच उभा राहिला होता.

त्या वर्षीचा दुष्काळ मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आमच्या गावात टँकर यायचा आणि सगळं पाणी विहिरीत सोडायचा. मग बाया काठावर दाटी करून पोहरे टाकायच्या. आई त्या दाटीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. आज कुणी म्हणेल, योजनेतून केलं असतं. राजीव गांधी जीवनदायी योजना तेव्हा आठच जिल्ह्यांत होती, मराठवाड्यातला त्यात एकटा नांदेड. आमच्याकडे ती नोव्हेंबरात आली. आई पडली एप्रिलात. खासगी दवाखान्यानं सत्तर हजार सांगितले, त्यातले निम्मे आधी भरा म्हणाले.

मी तेव्हा बीडकडच्या एका शाळेवर होते. भाऊ रात्रीच्या एसटीनं आला. मी वर्गात होते म्हणून त्याला ऑफिसात बसवलं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सरकवून क्लार्कनं त्याला जागा केली, पाणी दिलं, चहा सांगितला. माणूस मनानं चांगला. "सिस्टरचे भाऊ का? मग काळजी कसली, कालच सदतीस हजार जमा झालेत त्यांचे," असं तो कौतुकानं बोलला. मी दारात पोचले तेव्हा हेच वाक्य चाललं होतं. भावानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. ती त्यानं घडी केली, उलगडली, परत घडी केली. बाहेर आल्यावर लिंबाखाली मला म्हणाला, "ताई, आकडा म्या इचारला नव्हता."

सुपिरियरकडे गेले. ती दुष्ट नव्हती, हे आधी सांगते, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण तिला दुष्ट करून टाकतो. तिनं वही उघडून माझ्यासमोर ठेवली. बोर्डिंगात तेव्हा ऊसतोड कामगारांच्या मुली होत्या. आईबाप दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेलेले, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मुली आमच्याकडे. त्यांच्यासाठी पाणी विकत घेत होतो. किराणावाल्याची उधारी थकलेली. एका म्हाताऱ्या सिस्टरची किमोथेरपी चाललेली. सुपिरियर प्रोव्हिन्शियलशी, म्हणजे तिच्याही वरच्या सिस्टरशी, फोनवर बोलली, आणि कॉन्व्हेंटातले, म्हणजे आम्ही सिस्टर राहतो त्या घरातले, व तिकडचे मिळून पंचवीस हजार झाले. भावानं मोजून घेतले आणि हात जोडले. मला नाही, तिला.

बाकीच्यासाठी त्यानं बैलजोडी विकली. दुष्काळात बैल विकायला गेलेल्या माणसाला बाजारात काय भाव मिळतो ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. तोवर आईचं ऑपरेशन लांबलं. ती आज काठी घेऊन चालते, पाय किंचित ओढते. डॉक्टर म्हणाले, वेळेत झालं असतं तरी या वयात असंच झालं असतं. हे वाक्य मी खूप वेळा वापरलंय.

आता जे कुणाला बोलले नव्हते ते. त्या दिवशी भाऊ कॉन्व्हेंटात जेवत असताना माझ्या पर्समध्ये बँकेची पैसे काढायची स्लिप होती, सही केलेली. पस्तीस हजारांची. बँक शाळेच्या समोर, खातं माझं, सही माझी. रस्ता ओलांडायचा होता. मी ओलांडला नाही. संध्याकाळी स्लिप फाडली.

त्या वेळची मी म्हणत होते, हे आज्ञापालनाचं व्रत, आणि मनातून थोडी फुशारलेही होते, की कसोटीला उतरले. आजची मी तिला विचारते, व्रत होतं की भीती? गेली असतीस तर दुसऱ्या दिवशी तुला कुठं पाठवतील, या वयात कोण ठेवून घेईल, ही भीती नव्हती? ती म्हणते, होती, पण भीती नसती तरी गेले नसते. कारण आमच्या कॉन्व्हेंटात सात जणी होतो आणि सातींच्या आया कुठं ना कुठं आजारी होत्या. एकीची वसईत, एकीची केरळात, एकीची मंगळूरकडे. मी काढले तर त्यांनी का काढू नयेत? यावर आजच्या मला उत्तर सुचत नाही. आणि तिलाही माझ्या प्रश्नाचं सुचत नाही.

माझं शिक्षण कुणाच्या पैशावर झालं तेही सांगायला हवं. आमचे पूर्वज महारवाड्यातले. फ्रान्सकडून आलेले फादर घोगरगाव भागात राहिले, तेव्हा आजोबांच्या पिढीनं पाणी घेतलं, म्हणजे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीतून ख्रिस्ती वगळले गेले. शीख १९५६ ला आत आले, बौद्ध १९९० ला, आम्ही अजून बाहेर. माझी बौद्ध चुलत बहीण शिष्यवृत्तीवर शिकली. मी शिकले सिस्टरांच्या बोर्डिंगात, फुकट. फुकट म्हणजे कुठल्यातरी सिस्टरच्या पगारावर. तिच्या आईला तेव्हा खोकल्याचं औषध मिळालं का, हे मी कधी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही कुणी विचारत नाही, आणि विचारावी अशी तीच आहे. मी दारिद्र्याचं व्रत घेतलं आणि माझी परिस्थिती सुधारली. घरी कुडाच्या भिंती होत्या. इथं पक्की खोली, पंखा, तीन वेळचं जेवण, आजारी पडले तर संस्था बघते. श्रीमंत घरच्या मुलीनं हे व्रत घेतलं तर तिनं काहीतरी सोडलं. मी काय सोडलं? सोडलं ते भावानं, बैल. बाविसाव्या वर्षी वेदीसमोर व्रताचे शब्द म्हणताना माझा आवाज जराही कापला नव्हता. आता वाटतं, कापावा असं पणाला काय लागलं होतं!

शास्त्रही दोन्ही बाजूंनी बोलतं. घर, आई, भाऊ माझ्यासाठी सोडेल त्याला शंभरपट मिळेल, हे बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात. त्याच मार्कच्या सातव्यात येशू परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपंडितांना, झाडतो, की आईबापाला द्यायचं ते देवाला अर्पण केलंय असं सांगून तुम्ही हात वर करता. चर्चच्या कॅलेंडरातल्या सामान्य काळाच्या पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे वाचन येतं. फादर वाचतात तेव्हा मी जपमाळेचे मणी नीट करते. एका फादरना रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या शिबिरात, विचारलं. ते म्हणाले, संदर्भ वेगळा आहे. असेल.

आता आईच्या औषधासाठी संस्था महिन्याला काही रक्कम देते. दरवर्षी अर्ज करावा लागतो. तो लिहिताना दरवेळी मला राग येतो, आणि रक्कम वेळेवर पोचते म्हणून राग धरूनही ठेवता येत नाही. "मग सोडून का देत नाही?" हे विचारू नका. मला शिकवायला आवडतं, पहाटे चॅपलमध्ये बसायला आवडतं, बोर्डिंगातल्या मुलींच्या वेण्या घालायला आवडतं. पगाराच्या हिशेबात हे बसत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

नाताळात घरी गेले होते. भावाची मुलगी दहावीला आहे. मी सिस्टर होणार, असं तिनं जेवताना जाहीर केलं. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, तूच काय ते सांग अशा नजरेनं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "जाऊ दे की तिला. तिथं नळाला पाणी येतंय." भाऊ ताट सरकवून उठला आणि चिडला तो माझ्यावर, जसं काही ते मीच बोलले होते.