आईचं टीएमएस आणि कानातला पिस्टन

घरात कुणाला डिप्रेशनवर टीएमएस (डोक्याला चुंबकाचे ठोके देण्याचा उपचार) सुचवलं असेल तर मशीनची चौकशी नंतर करा, आधी कपाटातली जुनी डिस्चार्ज कार्डं बाहेर काढा. उपचाराने दिला नाही तेवढा ताप मला एका कागदाने दिला.

आईला हार्ट अटॅकनंतर स्टेंट टाकला. हृदय सावरलं, पण ती उठेना. अमळनेरच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलेली, "माले काही नको" एवढंच बोलणं. जळगावच्या मानसोपचार डॉक्टरांनी गोळी सुरू केली, तर सोडियम घसरलं, ती असंबद्ध बोलायला लागली आणि पुन्हा ॲडमिट. साठीनंतर, त्यातून लघवीची गोळी चालू असली, की डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी असं होतं म्हणे. जुन्या प्रकारच्या गोळ्या हृदयाला जड. म्हणून टीएमएस: कपाळाच्या वर डाव्या बाजूला कॉइल टेकवून चुंबकाचे ठोके देतात. भूल नाही, ॲडमिट होणं नाही. भाऊबंदांत "बाईला शॉक देऊ राहिले" सुरू झालंच. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात; इथे फिट येऊ नये म्हणून जपतात.

सेंटर नाशिकला, मावशीच्या घराजवळ. तिथवर सगळं सुरळीत. मग फॉर्म आला. पेसमेकर? नाही. डोक्यात क्लिप, प्लेट? नाही. स्टेंट आहे, पण तो छातीत, कॉइलपासून लांब, चालतो. डोळ्यात किंवा कानात धातू? आई पडल्यापडल्या म्हणाली, "कानमा काहीतरी टाकेल शे."

लग्नानंतर लगेच तिला ऐकू कमी यायला लागलं होतं, तेव्हा आजोबांनी धुळ्याला नेऊन ऑपरेशन करवलं होतं. कानातलं बारीक हाड हलेनासं झालं की तिथे पिस्टन बसवतात. तो टेफ्लॉनचा असतो, टायटॅनियमचा असतो, स्टीलचाही असतो. सेंटर म्हणालं, कशाचा आहे ते लेखी आणा.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. रेकॉर्डच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "भाऊ, तीन वर्षांच्या वरचं काही नसतं." हा नियम मला आता पाठ आहे: मेडिकल कौन्सिलच्या 2002च्या नियमांप्रमाणे ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचं. तीन वर्षं झाली की शोधूच नका, असं त्यात कुठे लिहिलंय? अर्ज दिला. तर म्हणे पेशंटला आणा. अहो, पेशंट उठत नाही म्हणूनच तर हे चाललंय! मग अधिकारपत्र. मग त्यावरची सही पॅन कार्डवरच्या सहीशी जुळत नाही. मग साहेब जेवायला. साहेब आले तर रजिस्टरात आईचं नावच नाही. बरोबर आहे, आजोबांनी माहेरचं आडनाव लिहिलं होतं! हे मावशीने फोनवर सांगितलं. तुमच्याकडेही बाईमाणसाचं जुनं रेकॉर्ड शोधायचं असेल तर दोन्ही आडनावं घेऊन जा.

तरी केसपेपर सापडला नाहीच. शेवटी तिथल्याच एका वयस्क शिपायाने मला बाजूला घेतलं. "केसपेपर गेले असतील, ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टर वर माळ्यावर आहेत." लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या. 1988चं पान, निळी शाई, आजोबांनी दिलेलं आडनाव आणि पुढे: टेफ्लॉन पिस्टन, 0.6 मिमी. म्हणजे धातू नाहीच! खिडकीवाला मात्र झेरॉक्सवर शिक्का मारायला तयार नव्हता. साहेबांसमोर ठाण मांडून बसलो तेव्हा मारला. ती बघून नाशिकच्या कानाच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या. (तुमच्या पेशंटचा ऑपरेशननंतर कधी एमआरआय झाला असेल तर तो रिपोर्ट आधी दाखवा, बरीच पायपीट वाचेल. आईचा झालेला नव्हता.)

पुढचं पटापट झालं. सोडियम नॉर्मल असल्याचा रिपोर्ट आधी मागितला, कारण ते कमी असलं तर फिटचा धोका वाढतो. पहिल्या दिवशी तिच्या उजव्या हाताचा अंगठा उडेपर्यंत ठोके वाढवून ताकद ठरवली. मग आठवड्याला पाच दिवस, दरवेळी तीन मिनिटं, 600 ठोके. आवाज मोठा असतो, दोन्ही कानांत बोळे हवेतच. "डोकावर सुतार ठोकी राह्यना," आई म्हणायची. सुरुवातीला डोकं दुखलं, नंतर थांबलं. महिना होत आला तेव्हा तिने मावशीच्या भाकरीला नावं ठेवली आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ गावाहून मागवायला लावलं. झोप अजून पुरती आलेली नाही, वेगळी एक गोळी थोड्या डोसमध्ये चालू आहे.

इन्शुरन्सचं राहिलंच. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच विमा कवच द्या असं आहे. पण आमच्या पॉलिसीत ओपीडी बसत नव्हती, सगळे पैसे खिशातून गेले. सुरू करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या, फोनवरचं "होईल सर" धरू नका. आणि पिस्टनचं ते पत्र लॅमिनेट करून ठेवा. उद्या एमआरआय करायचा म्हटला तर तिथेही हाच प्रश्न विचारतात.