पॉइंट टू-टू रायफलच्या बॅरलची सफाई : माझा अनुभव

“बॅरल गेली आहे, नवी घाला,” असा निर्वाळा माझ्या रायफलच्या नळीबद्दल ज्या दुरुस्ती करणाऱ्याने दिला, त्याने नळीत एकदाही नीट प्रकाश टाकून पाहिले नव्हते, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंची लहान रायफलची, गोळी मऊ शिशाची असते, तिच्यावर मेणाचा पातळ थर असतो आणि दाबही मोठ्या रायफलींच्या मानाने बराच कमी असतो. अशा गोळीने पोलादी नळी झिजायला फार मोठा काळ जावा लागतो. त्याआधी ती सफाईच्या चुकीच्या रॉडने खराब होण्याचा धोका अधिक असतो. हे गृहस्थ तर तुकडे जोडून केलेला ॲल्युमिनियमचा रॉड पुढच्या तोंडातूनच आत घालायला निघाले होते. मी रायफल परत घेतली.

नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, हे गोळी नळीला सोडते ते शेवटचे ठिकाण होय. तेथे एका बाजूने जरी घासले गेले, तरी मागचा वायू असमान सुटतो आणि गोळीची दिशा बिघडते. ५० मीटरच्या रायफल लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम १०.४ मिलिमीटर असतो, त्यामुळे एवढासा बिघाडही गुणांत दिसतो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनचे (पालथे पडून नेमबाजीचे) जगज्जेतेपद मिळवले, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशन्सचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजीचे) कांस्यपदक जिंकले. त्यांच्या कोल्हापुरात नवख्या मुलांच्या हातातल्या चांगल्या बॅरली अशा निर्वाळ्यांनी मोडीत निघाव्यात, हे मला सहन होत नाही.

नेहमीची सफाई अवघड नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढावा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटानेही तपासावे, आणि तोंड किंचित खाली राहील अशी रायफल स्टँडवर ठेवावी, म्हणजे सॉल्व्हंट (मळ विरघळवणारा द्रव) ट्रिगरकडे ओघळत नाही. रॉड एकसंध, कार्बन फायबरचा किंवा प्लास्टिकचे आवरण असलेला हवा, आणि तो मागून बोअर गाइडमधूनच, म्हणजे रॉड सरळ ठेवणाऱ्या नळीतूनच, जावा. गाइड नसेल तर रॉड वाकून चेंबरच्या पुढच्या भागाला घासतो. हा गाइड आपल्याच रायफलच्या ॲक्शनला (बोल्ट सरकतो त्या मागच्या भागाला) बसणारा लागतो. माझा बाहेरून मागवावा लागला, आणि पार्सलवर ‘रायफल’ हा शब्द पाहून कुरिअरच्या कार्यालयाने ते अडवून ठेवले. आत शस्त्र नसून एक प्लास्टिकची नळी आहे, हे पटवण्यात माझा जो वेळ गेला तो मला अजून खटकतो.

गाइड आल्यावर पॅच (नळी पुसण्याचे कापडी तुकडे) स्वच्छ निघू लागले, तरी ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, सुधारला नाही. बोल्ट बंद होताना शेवटी जड लागत होता, आणि चेंबरमध्ये भरून न झाडता काढलेल्या गोळीवर सभोवार खरवडल्याची खूण दिसत होती. एका स्नेह्याने आपला बोअरस्कोप (नळीच्या आत पाहण्याची दुर्बीण) दिला, तेव्हा कारण समोर आले. साधारण १५.६ मिलिमीटर लांबीची काडतुसाची केस (पितळी कवच) जेथे संपते, त्याच्या लगेच पुढे कार्बन, जळके मेण आणि शिसे यांचे टणक काळे कडे जमले होते. बऱ्याच प्रायमरमध्ये (काडतूस पेटवणाऱ्या मिश्रणात) काचेची बारीक पूडही असते, आणि तिचे कण याच थरात रुतून बसतात. ही जागा नळीपेक्षा किंचित रुंद असल्यामुळे नळीच्या मापाचा पॅच तिला दाबून घासतच नाही; म्हणून वरवर सगळे स्वच्छ दिसते आणि कडे मात्र वाढत राहते. प्रत्येक गोळी या कड्यातून खरवडून जात असेल, तर ग्रुप फुटणारच.

येथे जोर चालत नाही. कार्बन विरघळवणारे सॉल्व्हंट लावून वीसेक मिनिटे भिजू द्यावे, मग नळीच्या मापाहून थोडा मोठा कांस्याचा ब्रश आखूड रॉडला लावून मागून त्याच जागी हलकेच फिरवावा, पुसावे, आणि पुन्हा भिजवावे. पहिल्या वेळी जवळजवळ काहीच निघत नाही. त्या टप्प्यावर स्टीलचा ब्रश, घासण्याची पेस्ट किंवा ड्रिल यांचा मोह मुळीच होऊ देऊ नये, कारण कार्बन काढता येतो, पण नळीतल्या पिळदार कंगोऱ्यांची उडालेली धार परत बसवता येत नाही. थर हळूहळू तपकिरी होत पातळ झाला, बोल्ट पूर्वीसारखा सहज बसू लागला, आणि ‘गेलेल्या’ त्याच बॅरलने पुन्हा घट्ट ग्रुप दिला. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

वर सांगायचे राहिले ते असे की पॅच तोंडाबाहेर आला की तेथेच काढून टाकावा, मळका पॅच क्राउनवरून मागे ओढू नये. ब्रशही नळीच्या मध्यात उलटा फिरवू नये, आणि प्रत्येक फेरीनंतर रॉड पुसावा. शिशाच्या गोळीसाठी अमोनियाचे सॉल्व्हंट लागत नाही, ते नळीत साचलेला तांब्याचा थर काढण्यासाठी असते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नळीला तेलाचा पातळ हात द्यावाच लागतो, परंतु नेमबाजीपूर्वी ते कोरड्या पॅचने पूर्ण पुसावे आणि गुणांसाठी झाडण्याआधी काही गोळ्या सरावाच्या समजून सोडाव्यात. काम झाल्यावर कांस्याचा ब्रश धुऊन वाळवून ठेवावा, नाहीतर सॉल्व्हंट त्याचे तंतूच खाऊन टाकू शकते.