नवव्या प्रश्नावरचा खोडलेला गोल

शहराच्या जुन्या, दाटीवाटीच्या भागातल्या माध्यमिक शाळेत मी समुपदेशक आहे. त्या दिवशी मारामारी केलेला एक मुलगा ऑफिसबाहेर बसला होता, आत त्याच्या तीन दिवसांच्या निलंबनाचं पत्र तयार होत होतं. "उर्मट आहे, वर्गात झोपतो," एवढंच शिक्षकांचं म्हणणं.

या वयातलं नैराश्य पुष्कळदा रडत नाही, अंगावर धावून येतं. निदानाच्या निकषांतही मुलामुलींच्या बाबतीत उदासपणाऐवजी चिडचिड धरता येते. शिक्षकांना हे कितीदा सांगितलंय! तरी रडणारी मुलगी माझ्याकडे येते आणि डाफरणारा मुलगा मुख्याध्यापकांकडे.

मी त्याचा पीएचक्यू-९, म्हणजे शाळेने भरून घेतलेला नैराश्य चाचपायचा फॉर्म, काढला. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त असेल त्यांचीच यादी ऑफिस मला देतं, आणि याचाच मला संताप येतो. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे नुसता १ असला तरी बेरीज न बघता त्याच दिवशी मुलाशी बोलायला हवं. याची बेरीज ४. नवव्यापुढे ० ला गोल. पण कागद उजेडात तिरका धरला तर १ भोवती खोडलेल्या गोलाचा वळ दिसत होता. शेजारी मित्र बसलेला असताना भरून घेतलेले फॉर्म हे!

मी सरळ विचारलं, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने मुलांच्या डोक्यात ते शिरतं, ही समजूत खोटी आहे.

"रात्री कामावरून आलो की वाटतं, मॅडम. दिवसा घरात कुणी नसतं, तेव्हा जास्त."

आणि आम्ही त्याला तीन दिवस तिथेच धाडत होतो.

आईला सांगावं लागेल, हे आधी त्यालाच सांगितलं. मुख्याध्यापकांशी बराच वाद घातल्यावर निलंबन थांबलं. आई काम टाकून आली, घरातली औषधं कुलपात ठेवायचं ठरलं, मनोविकारतज्ज्ञांची दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

मारामारीतला दुसरा मुलगा मात्र तोवर पत्र घेऊन घरी गेला होता. त्याचा फॉर्म शोधला, तर फॉर्म भरले त्या दिवशी तो गैरहजर. घरी फोन लावतेय, कुणी उचलत नाही.